मुखवट्यातला पैलवान, दुखण्याचा डॉक्टर

पैलवान ओळखायचा तो कानावरून, हे कोल्हापुरात वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. अंगात झब्बा असो की पोलिसाचा गणवेश, कान चेमटलेले दिसले की गडी मातीत लोळलेला आहे हे समजावं. माझे वडील कुस्तीचे शौकीन. मी सहा-सात वर्षांची होईपर्यंत ते मला खांद्यावर बसवून खासबागेच्या मैदानात नेत. पुढं मुलीच्या जातीनं तिथं जायचं नाही असं घरात ठरलं आणि माझं मैदान सुटलं. कान पाहायची सवय मात्र सुटली नाही. बँकेत काउंटरवर बसू लागले तेव्हाही समोर आलेल्या माणसाच्या चेहऱ्याआधी माझी नजर त्याच्या कानावर जाई.

काही वर्षांपूर्वी भाच्याच्या घरी मी थबकले ती याच सवयीपायी. भाचा भूलतज्ज्ञ आहे. त्याच्या टेबलावर एक जाडजूड ग्रंथ आणि त्यात खुणेसाठी घातलेला एक छापील लेख होता. लेखावर छायाचित्र. सूट घातलेला, दणकट बांध्याचा, मोठ्या मानेचा गोरा गृहस्थ, आणि कान पक्के तालमीतले. हा कुठल्या आखाड्यातला डॉक्टर, असं मी विचारलं तेव्हा भाचा हसायला लागला. ते जॉन बोनिका. जुनाट दुखण्यावर उपचार करायचं शास्त्र ज्या माणसानं जवळजवळ एकट्याच्या हट्टानं उभं केलं तो, आणि एके काळचा खरोखरचा पैलवान.

ते छायाचित्र मी पाहून विसरूनही गेले असते. पण आमच्या आक्काच्या दुखण्याची अठरा वर्षं माझ्या गाठीशी होती. तिची गोष्ट पुढं येईलच. आधी या पैलवानाची.

सिसिलीच्या उत्तरेला समुद्रातून वर आलेली ज्वालामुखीची काही बेटं आहेत. त्यांतल्या फिलिकुडी नावाच्या चिमुकल्या बेटावर १६ फेब्रुवारी १९१७ रोजी बोनिकांचा जन्म झाला. मूल दहा वर्षांचं असताना कुटुंब अमेरिकेला निघालं आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात येऊन राहिलं. चार-पाच वर्षांतच वडील वारले. पंधरा वर्षांच्या थोरल्या मुलावर घर आलं. बुटांना पॉलिश कर, वर्तमानपत्रं वीक, फळं-भाजी वीक, असं करत तो शाळा शिकला. डॉक्टर व्हायचं त्यानं लहानपणीच ठरवलं होतं. पैशाचा पत्ता नव्हता. अंगात ताकद मात्र होती. शाळेत तो कुस्ती खेळायला लागला, आंतरशालेय स्पर्धा जिंकल्या, आणि कॉलेजची फी भरायची वेळ आली तेव्हा त्यानं धंदेवाईक कुस्तीचा रस्ता धरला.

आपल्याकडची मातीतली कुस्ती आणि तिकडची ही तिकीट लावून चालणारी कुस्ती यांत मोठा फरक आहे. तिकडच्या कुस्तीत निम्मं नाटक असतं, आणि शौकीन माणूस तिला नाक मुरडणार. माझ्या वडिलांनी मुरडलंच असतं. पण नाटकातही अंग आपटतं ते खरंच आपटतं. सुटीच्या दिवसांत बोनिका जत्रेत, सर्कशीत फिरत. तिथं गर्दीतला कुणीही उठून पैलवानाला आव्हान देई, आणि येईल त्याला अंगावर घ्यावं लागे. ‘बुल वॉकर’ हे त्यांचं आखाड्यातलं नाव. पुढं ते कधी तोंडावर मुखवटा चढवून ‘मास्क्ड मार्व्हल’ म्हणूनही उतरू लागले. दिवसा मेडिकलचा विद्यार्थी आणि रात्री आखाड्यात, हे पांढरपेशा जगाला रुचण्यासारखं नव्हतं, म्हणून मुखवटा सोयीचा. १९४१ साली लाइट हेवीवेट गटाचं जगज्जेतेपद काही महिने त्यांच्याकडे होतं. १९४२ साली मिलवॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठातून ते डॉक्टर होऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी एमा बाल्देट्टी या मुलीशी त्यांचं लग्न झालं.

या सगळ्या कहाणीचा मोहरा फिरला तो एमामुळं, १९४३ साली, बाळंतपणाच्या खोलीत.

त्या काळी अमेरिकेत बाळंतिणीला भूल द्यायची ती ईथरची. तोंडावर जाळीचा मुखवटा धरायचा, त्यावर ईथरचे थेंब टाकायचे, बाई बेशुद्ध. हे काम फार महत्त्वाचं आहे असं कुणाला वाटत नसे. शिकाऊ डॉक्टर, नर्स, जो हाताशी असेल तो करी. एमाला भूल दिली तीही एका शिकाऊ डॉक्टरनं. बेशुद्धीत तिला उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली आणि ती निळी पडायला लागली. नवरा स्वतः डॉक्टर आणि जवळच असल्यामुळं धावत आत गेला आणि त्यानं तिचा श्वास मोकळा केला. बाई वाचली, मुलगीही वाचली. मुलीचं नाव अँजेला. अशा तऱ्हेनं पोटातलं फुप्फुसात जाऊन बाळंतिणी दगावतात, यावरचा मेंडेल्सन यांचा प्रसिद्ध शोधनिबंध यायला अजून तीन वर्षं होती. म्हणजे बोनिकांनी ते शास्त्र होण्याआधी स्वतःच्या बायकोच्या चेहऱ्यावर पाहिलं.

त्यानंतर त्यांनी भूलशास्त्र हाच आपला विषय धरला. त्या काळी ही शाखा दुय्यम मानली जाई, ती हुशार डॉक्टरानं निवडावी असं कुणी म्हणत नसे. पुढं टॅकोमा शहरातल्या इस्पितळात त्यांनी बाळंतिणींसाठी चोवीस तास भूलतज्ज्ञ हजर राहील अशी व्यवस्था सुरू केली. त्या काळात ही जवळजवळ न ऐकलेली गोष्ट होती. बाई रात्री अडीचला अडली तरी तिला शिकलेला हात मिळावा, एवढाच त्यामागचा विचार होता. १९६७ साली या विषयावर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला.

पण दुखणं म्हणजे काय, हा प्रश्न त्यांना भेटला तो लष्करात. १९४४ साली, सत्ताविसाव्या वर्षी, ते टॅकोमाजवळच्या मॅडिगन या लष्करी इस्पितळात भूल विभागाचे प्रमुख झाले. युद्धातून परत आलेल्या जखमी शिपायांनी हजारो खाटा भरलेल्या. हातपाय कापलेले, नसांना इजा झालेली ही तरणीबांड पोरं. जखम भरली, टाके निघाले, एक्स-रे उत्तम, पण दुखणं तसंच. कुणाचा कापून टाकलेला पाय दुखे, कुणाच्या हातावर नुसती फुंकर घातली तरी आग आग होई. शिकवलं होतं ते असं, की दुखणं ही शरीराची धोक्याची घंटा. आग विझली की घंटा थांबते. इथं आग विझलेली आणि घंटा वाजतेच आहे.

बोनिका पुस्तकं उघडून बसले. वैद्यकाच्या वेगवेगळ्या शाखांची मान्यवर पाठ्यपुस्तकं त्यांनी चाळली, सगळी मिळून चौदा हजार पानं. त्यांत दुखण्यावर पानं निघाली साडेसतरा. रोगी ज्या एका गोष्टीसाठी डॉक्टरची पायरी चढतो तिच्यावर चौदा हजारांतली साडेसतरा! बँकेत आयुष्य गेल्यामुळं असा ताळेबंद पाहिला की मला चैन पडत नाही.

मग त्यांनी एकेका तज्ज्ञाला विचारायला सुरुवात केली. मज्जातंतूंचा डॉक्टर, हाडांचा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ. रोगी या दारातून त्या दारात जाई, चिठ्ठ्या येत-जात, आठवडे लोटत आणि प्रत्येक चिठ्ठीत आपापल्या शाखेपुरतं बरोबर असं काहीतरी लिहिलेलं असे. त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळे एकाच रोग्याबद्दल बोलतो आहोत, पण एकमेकांशी बोलत नाही. तेव्हा त्यांनी एक अगदी घरगुती उपाय काढला. सगळ्यांना एकत्र जेवायला बसवायचं. आठवड्यातून एकदा दुपारच्या जेवणाला हे डॉक्टर एका टेबलाभोवती बसत आणि अवघड दुखण्याच्या रोग्यांबद्दल बोलत. आज ज्याला सांघिक उपचार म्हणतात त्याचा उगम इतका साधा आहे. युद्ध संपल्यावर टॅकोमाच्या इस्पितळातही त्यांनी ही पंगत चालू ठेवली आणि १९५३ साली ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा दीड हजार पानांचा ग्रंथ छापून आला. साडेसतरा पानांना दिलेलं ते उत्तर होतं. या सगळ्या काळात ते अधूनमधून आखाड्यातही उतरत होते, घर चालवायला पैसा हवाच होता.

आता आक्का.

माझी थोरली बहीण सांगलीकडं दिलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरानं तिचं ओटीपोट दुखायला लागलं, ते साल १९८६. आधी पाळीच्या दिवसांत, मग पाळी नसतानाही, मग बसलं की, उभं राहिलं की, आणि नवराबायकोच्या संबंधात तर नकोच, पण हे तिनं मला दहा वर्षांनी सांगितलं. पहिल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी क्युरेटिंग केलं. तिसऱ्यांनी अपेंडिक्स काढलं. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून चौथ्यांकडे, पोट फुगतं म्हणून पाचव्यांकडे. अडतिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढून टाकली. आता सुटलीस म्हणून तिच्या सासूबाईंनी पेढे वाटले. तीन महिन्यांनी दुखणं परत दाराशी हजर. त्यानंतरच्या डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट चाळले, सगळं नॉर्मल आहे म्हणाले आणि मानसोपचारतज्ज्ञाचं नाव लिहून दिलं. घरात त्याचा अर्थ एकच झाला: नाटकं करते.

मी त्या वेळी बँकेच्या पर्सोनेल विभागात होते. मेडिकल बिलं पास करायचं काम माझ्याकडे होतं. बायकांची बिलं येत. एकाच बाईची वर्षानुवर्षांची फाइल उलटताना मला आक्काच दिसे. दरेक बिल आपल्या जागी बिनचूक, सही-शिक्का बरोबर, रक्कम नियमात. ग्राहकाला या काउंटरवरून त्या काउंटरवर पाठवावं, दरेक कारकुनानं आपलं काम चोख करावं आणि संध्याकाळी टॅली जुळावी, पण ग्राहकाचं काम काही झालेलं नसावं, तसा हा प्रकार होता. त्या फायलींवर मी सह्या केल्या. दुसरं काय करणार होते?

आक्काचं दुखणं एका अवयवात का सापडत नव्हतं, याचं उत्तर बोनिकांच्या कामात आहे, हे मला भाच्यानं कागदावर चित्र काढून समजावलं. बाळंतपणाच्या कळा कुठल्या नसांवाटे वर जातात याचा नकाशा बोनिकांनी नसा बधिर करून करून पक्का केला होता. गर्भाशय आणि त्याचं तोंड यांची कळ पाठीच्या कण्यात छातीच्या शेवटच्या दहाव्या, अकराव्या, बाराव्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर शिरते. म्हणून कळ कमरेत, पोटावर, मांड्यांत जाणवते. बाळ खाली सरकलं की योनिमार्गाची आणि आसपासची कळ माकडहाडाच्या वरच्या, त्रिकास्थीच्या नसांवाटे जाते. त्याच पातळीवर मूत्राशयाच्या, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या आणि ओटीपोटाचा तळ सांभाळणाऱ्या स्नायूंच्या नसाही येऊन मिळतात. म्हणजे एका गल्लीत चार घरं आणि टेलिफोनची तार एकच. एका घरातला आरडाओरडा शेजारच्या घरातून आला असं वाटणार. शिवाय फार दिवस आरडाओरडा चालला की खुद्द मज्जारज्जूच हळवा होतो आणि साध्या स्पर्शालाही किंचाळतो. ही गोष्ट क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली प्रयोगानं दाखवली.

तेव्हा गर्भपिशवीत सुरू झालेलं दुखणं पिशवी गेल्यावरही राहू शकतं. त्यात मूत्राशयाचा वाटा असू शकतो, आतड्याचा असू शकतो, गर्भाशयाचं अस्तर भलत्याच जागी वाढल्याचा असू शकतो. वर्षानुवर्षं दुखण्याच्या भीतीनं आवळून धरलेल्या ओटीपोटाच्या स्नायूंचा तर असतोच असतो. त्यात झोप नाही, संबंधांची धास्ती, घरातले टोमणे. यांतलं खरं कुठलं, असा प्रश्न विचारला की आपण चुकलो. सगळंच खरं असतं. आणि स्त्रीच्या बाबतीत अडचण अशी, की गर्भाशय हा शब्द ग्रीक भाषेत ज्या मुळातून येतो त्याच मुळातून हिस्टेरिया हा शब्द आला आहे. तिचं दुखणं सापडलं नाही की ते तिच्या डोक्यात आहे असं म्हणायची वैद्यकाला दोन हजार वर्षांची सवय.

१९६० साली बोनिकांना सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठानं भूलशास्त्र विभाग उभारायला बोलावलं. तिथं त्यांनी न्यूरोसर्जन लोवेल व्हाइट आणि परिचारिका डोरोथी क्रोली यांना बरोबर घेऊन दुखण्याचं क्लिनिक काढलं. या तिघांत एक नर्स होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. डॉक्टर पाच मिनिटं बोलतो, नर्स दिवसभर पाहते. मग विल्बर्ट फोर्डाइस नावाचे मानसशास्त्रज्ञ आले. त्यांची भर वेगळीच होती. दुखलं की गोळी, दुखलं की विश्रांती, दुखलं की घरच्यांची धावपळ; यानं रोगी नकळत दुखण्याभोवतीच आपला दिवस बांधतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गोळी दुखण्यावर द्यायची नाही, घड्याळावर द्यायची. औषध गोड सरबतात मिसळायचं आणि रोग्याच्या संमतीनं, आज किती हे न सांगता, हळूहळू त्याचं प्रमाण उतरवायचं. चालणं दुखेपर्यंत नाही, ठरलेल्या पावलांपर्यंत. उद्या दोन पावलं जास्त. ही काही मनाची समजूत घालायची पद्धत नव्हे. ती तालीम आहे, आणि बोनिकांसारख्या माणसाला ती पटली याचं नवल वाटायला नको. आधी ते स्वतः सुईवर, म्हणजे नस बधिर करण्यावर फार भिस्त ठेवून असत. सगळ्याच दुखण्याला सुई पुरत नाही हे त्यांनी पुढं मान्य केलं. आपल्याच हातातल्या हत्याराबद्दल असं कबूल करणारे थोडे.

ओटीपोटाच्या दुखण्यात हा संघ खरोखर उपयोगी पडतो का, याची नीट तपासणी झाली ती हॉलंडमध्ये, लायडन इथं. तिचे निष्कर्ष १९९१ साली छापून आले. जुनाट ओटीपोटदुखीच्या १०६ बायका घेतल्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटात नेहमीची पद्धत: आधी शरीरातलं कारण शोधायचं, त्यासाठी सर्रास दुर्बिणीनं पोट तपासायचं आणि काहीच सापडलं नाही तर मग मनाकडं वळायचं. दुसऱ्या गटात पहिल्या दिवसापासून सगळ्यांकडं सारखंच लक्ष: शरीर, मन, आहार, घरची परिस्थिती, स्नायूंचा व्यायाम. दुर्बीण सरसकट नाही. वर्षानं पाहिलं तर दुसऱ्या गटातल्या बायकांचं दुखणं जास्त उतरलं होतं, आणि दुर्बिणीच्या तपासणीनं निकालात फरक पडलेला दिसला नाही. दुर्बीण वाईट असं यातून निघत नाही, अस्तराचा रोग पाहायला ती लागतेच. मुद्दा क्रमाचा आहे. मानसोपचारतज्ज्ञ शेवटी आला की तो शिक्षेसारखा वाटतो. आक्काला तसाच वाटला.

बोनिकांनी १९७३ च्या मे महिन्यात सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वा गावी जगभरच्या तज्ज्ञांना बोलावलं. शरीरशास्त्रज्ञ, सर्जन, मानसशास्त्रज्ञ, भूलतज्ज्ञ अशी सगळी मंडळी, एरवी एका मांडवात कधी न येणारी. रॉनल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलेला दाराचा सिद्धांत तेव्हा चर्चेत होता: मज्जारज्जूत एक दार आहे, ते कमीजास्त उघडतं आणि मेंदूही ते वरून ओढूनलोटून घेतो. त्या बैठकीतून दुखण्याचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली. तिच्या पहिल्या व्याख्येनं, १९७९ साली, एक गोष्ट कायमची करून टाकली. दुखणं हा अनुभव आहे, शरीराचाही आणि भावनेचाही. इजा सापडली नाही तरी माणूस दुखतंय म्हणत असेल तर ते दुखणंच. २०२० साली ती व्याख्या सुधारली गेली, पण रोग्याच्या बोलण्याचा मान राखावा हे सूत्र तेच. बोनिकांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९९० साली निघाली तेव्हा ती दोन खंडांत गेली होती आणि ओटीपोटाच्या दुखण्याला तिच्यात भरपूर जागा होती.

सगळं चांगलंच झालं असं मात्र नाही. अमेरिकेत अशी केंद्रं खूप निघाली आणि पुढं, १९९० नंतर, त्यांतली बरीच बंदही पडली. विमा कंपन्यांना एक इंजेक्शन समजतं, एक ऑपरेशन समजतं, गोळ्यांची बाटली समजते. पाच जणांनी एका बाईबद्दल तासभर बसून बोलणं कुठल्या खात्यात टाकायचं? हे मला बिलं पास करणारीला सहज पटलं. माझ्याकडंही त्यासाठी रकाना नव्हता. पिशवी काढल्याचं बिल दहा मिनिटांत पास होई. फिजिओथेरपीच्या वीस बैठकांचं बिल आलं की मी वर विचारत असे.

आणि आपल्याकडं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ साली विधिमंडळात गाजलं. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२ हजारांहून अधिक बायकांची. त्यांतल्या १३ हजारांवर बायकांच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पहाटेपासून मोळ्या वाहायच्या, आडोसा नाही, पाळीत सुटी नाही, खाडा झाला की पैसे कापले जाणार. अंगावरून पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई दवाखान्यात गेली, की पिशवी काढ, सुटशील. तिच्या पोटदुखीत मोळीचं वजन आहे, तुंबवलेली लघवी आहे, मुकादमाची उचल आहे. एवढं सगळं एका डॉक्टरच्या टेबलावर मावत नाही, हे खरं. पण मग टेबल मोठं करायला हवं होतं, पोट कापायला नको होतं. माझा आवाज इथं थोडा चढला असेल तर वाचकांनी समजून घ्यावं.

बोनिकांचं स्वतःचं अंग या सगळ्या काळात मोडत चाललं होतं. आखाड्यातली आपटाआपटी वसूल व्हायला लागली. खुब्याचे सांधे गेले, खांदे गेले, वीसहून अधिक वेळा ते ऑपरेशनच्या टेबलावर झोपले. हात वर नीट जाईना. तरी त्यांचं काम, प्रवास, व्याख्यानं थांबली नाहीत. १९८० ते १९८४ ते जगातल्या भूलतज्ज्ञांच्या महासंघाचे अध्यक्ष होते. आपल्या दुखण्याबद्दल ते फारसं बोलत नसत, असं भाच्याच्या लेखात होतं. मला मात्र वाटतं, रोज सकाळी पायात मोजा घालताना जी कळ येई तिनं त्यांना रोग्यावर विश्वास ठेवायला शिकवलं असणार. दुखत नाही त्याला दुसऱ्याचं दुखणं नेहमी जरा जास्त वाटतं.

१९९४ च्या जुलैत एमा गेल्या. १५ ऑगस्टला, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावानं जॉन बोनिका गेले. आपल्या घरांतून झेंडावंदनाची जिलेबी खाल्ली जात होती त्या दिवशी. मी त्या दिवशी आक्काकडंच होते, हे मला पक्कं आठवतं. ती झेंड्याला आली नाही, पालथी झोपून होती. पोटाखाली गरम पाण्याची पिशवी.

आक्काला तिचं टेबल मिळालं ते दहा वर्षांनी, २००४ साली, पुण्यात, आणि तेही योगायोगानं. एक स्त्रीरोगतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत रिपोर्टांची पिशवी बाजूला ठेवली आणि कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगितलं. मग त्यांनी आतल्या स्नायूंवर हलकंसं बोट ठेवलं आणि आक्का किंचाळली. अठरा वर्षांत तिथं कुणी हात लावला नव्हता. त्यांच्याकडं दर गुरुवारी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, एक समुपदेशक आणि पोटाचे डॉक्टर येत. गरज पडली तर भूलतज्ज्ञही. चौघं-पाचजणं चहा पीत आक्काबद्दल बोलत, आणि आक्का तिथंच खुर्चीत बसलेली असे. स्नायू सैल सोडायला शिकायला तिला चार महिने लागले. लघवी तासातासानं लांबवायला शिकवली. झोपेसाठी जुन्या पद्धतीचं एक औषध अगदी थोड्या प्रमाणात दिलं. आणि एका गुरुवारी त्यांनी दाजींनाही बोलावून घेतलं. दाजी बाहेर आले तेव्हा बराच वेळ गप्प होते. गाडीत बसताना त्यांनी आक्काची पिशवी स्वतःच्या हातात घेतली, हे मी मागून पाहिलं.

आक्का बरी झाली असं मी लिहिणार नाही. पावसाळ्यात अजून दुखतं. पण गेल्या वर्षी नातीच्या लग्नात ती मांडवात अक्षता पडेपर्यंत पाटावर बसली, नंतर पंगतीत वाढायला उठली आणि रात्री माझ्याकडं येऊन पाय चेपून घेतले.